जुनी गाडी सुरू होत नाही तेव्हा : आधी निदान, मग खर्च



आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये अजूनही बऱ्याच जुन्या गाड्या आहेत. कोणाच्या अंगणात वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे, कोणाकडे ॲम्बेसेडर आहे, आणि मारुती ८०० तर कितीतरी जणांकडे आहे. मुले पुण्याला, बंगलोरला किंवा परदेशात. घरी राहिलेल्या दोघांना बँक, बाजार आणि डॉक्टर यांसाठी तीच गाडी हाताशी असते. अशी गाडी एक दिवस सकाळी सुरू होत नाही. मग कोणी सांगते बॅटरी बदला, कोणी सांगते कॉइल बदला, कोणी सांगते कार्ब्युरेटर उघडावा लागेल. एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, गाडी चार दिवस चालते आणि पुन्हा रुसते. शेवटी घरचे कंटाळतात आणि चांगली गाडी भंगाराच्या भावाने जाते.

आमच्या पाहण्यात असे दोन-तीन वेळा झाले आहे. एका ज्येष्ठ सभासदांच्या पद्मिनीला नवी बॅटरी, नवी कॉइल आणि सेल्फचे नवे ब्रश इतके सगळे बसले, तरी रोग तसाच होता. दोष निघाला इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती गंजून आतून तुटत आली होती. पट्टीची किंमत काहीशे रुपये.

आम्ही मिस्त्री नव्हे. आयुष्य बँकेत गेले. पण बँकेत एक गोष्ट शिकलो. ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर अंदाजाने आकडे बदलत बसायचे नसतात. एका टोकापासून क्रमाने तपासत गेले की फरक सापडतोच. गाडीचेही तसेच आहे. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि साध्या साधनांनी तपासता येते. म्हणून हा लेख. यात सांगितलेले सगळे कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि साधारण २००० सालापूर्वीची मारुती ८००. त्यानंतरच्या एमपीएफआय गाड्यांना बॅटरी आणि सेल्फचा भाग लागू पडतो, पुढचा नाही.

इंजिनाला काय काय लागते?

पेट्रोल इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. एक, सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवले पाहिजे. दोन, प्लगला योग्य वेळी जोरदार ठिणगी मिळाली पाहिजे. तीन, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आत गेले पाहिजे. चार, सिलिंडरमध्ये त्या मिश्रणावर पुरेसा दाब आला पाहिजे, यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

कॉम्प्रेशन अचानक एका रात्रीत सहसा जात नाही. ते हळूहळू कमी होते आणि आधीपासून धूर, तेलाचा खप, ओढ कमी होणे अशी लक्षणे दिसतात. म्हणून काल संध्याकाळी नीट चाललेली गाडी आज सकाळी सुरू झाली नाही, तर आधी पहिल्या तीन गोष्टी पाहायच्या, आणि त्याही याच क्रमाने.

पहिला प्रश्न एकच : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही? या एका उत्तराने निम्मे काम होते. इंजिन फिरतच नसेल तर प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर यांना हात लावायची गरज नाही. आणि इंजिन जोरात फिरत असेल तर सेल्फ आणि त्याची वायरिंग यांवर पैसे घालवायची गरज नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. शर्टाच्या बाह्या, उपरणे, ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीवर धातू टेकला तर भाजते. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची कोणतीही तपासणी करू नये. आधी बॉनेट उघडे ठेवून वास जाऊ द्यावा आणि गळती कुठे आहे ते शोधावे. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी ठिणगीची तपासणी स्वतः करू नये, दुसऱ्याला करू द्यावी.

इंजिन फिरत नाही, किंवा जड फिरते

इथे कान उपयोगी पडतो. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते?

*काहीच ऐकू येत नाही.* बॅटरी पूर्ण उतरलेली, टर्मिनल सैल, किंवा किल्लीचा स्विच आणि त्याची वायर यांत दोष.

*टक-टक-टक असा भराभर आवाज.* बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनलवर गंज चढला आहे. सोलेनॉइड पकडतो, पण सेल्फने करंट ओढला की व्होल्टेज पडते, तो सुटतो आणि पुन्हा पकडतो.

*एकच मोठा “टक”.* सोलेनॉइड काम करतो आहे, पण मोटर फिरत नाही. सेल्फचे ब्रश झिजलेले असतील, सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले असतील किंवा जाड केबलमध्ये दोष असेल.

*सेल्फ “घूंऽऽ” करून फिरतो, पण इंजिन हलत नाही.* सेल्फचा छोटा दातेरी गिअर, म्हणजे बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकत नाही. हे काम मिस्त्रीचे.

आता हेडलाइटची परीक्षा. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. हेडलाइट लावा, गाडी भिंतीसमोर असेल तर उत्तम, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. प्रकाश एकदम विझण्याइतका मंद झाला तर बॅटरी, टर्मिनल किंवा अडकलेला सेल्फ. प्रकाश तसाच झगझगीत राहिला आणि इंजिन हलले नाही, तर बॅटरीत करंट आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. प्रकाश थोडा कमी झाला आणि इंजिन नीट फिरले, तर हा विभाग ठीक आहे, पुढे चला.

घरात एक साधा मल्टिमीटर असावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या आसपास टिकले पाहिजे. ते ९ च्याही खाली जात असेल तर बॅटरी भार घेत नाही. इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेगात १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. ते १२.५ वरच राहत असेल तर बॅटरी चार्जच होत नाही. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही आठवड्याभरात उतरणार. जुन्या पद्मिनीत आणि ॲम्बेसेडरमध्ये अल्टरनेटरऐवजी डायनमो असतो. तो मंद वेगात फारसे चार्जिंग करत नाही. राजवाड्यापर्यंत गर्दीतून जाऊन परत येण्यात बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा-पाऊण तास फिरवून आणावे.

बॅटरीपेक्षाही जास्त वेळा दोष असतो तो टर्मिनलचा आणि अर्थिंगचा. सेल्फ फिरताना शंभर अँपियरहून जास्त करंट ओढतो. गंजाचा पातळ थरही तिथे अडथळा होतो, मग हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. टर्मिनल काढताना आधी बॉडीला जोडलेली केबल काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी पांढरा-हिरवा थर धुवावा, मात्र सोड्याचे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये. कोरडे करून पॉलिश पेपरने घासावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुन्हा उपयोगी पडतो. कॉइलच्या मधली जाड वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा. सेल्फ मारताना मीटरवर ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले तर पट्टी बदला. वर सांगितलेल्या सभासदांकडे ही तपासणी पाच मिनिटांची होती. ती आधी झाली असती तर बाकीचे बिल वाचले असते.

ॲम्बेसेडरवाल्यांसाठी एक सूचना. बेंडिक्स कधी कधी फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसतो. किल्ली बंद ठेवा, हँडब्रेक सोडा, वरचा गिअर टाका आणि गाडी बाहेरून मागे-पुढे हलवा. बहुतेक वेळा तो सुटतो.

इंजिन फिरते, पण पकडत नाही

आता ठिणगीकडे. त्याआधी ती तयार कशी होते हे थोडक्यात समजून घेऊ, कारण ते कळले की बाकीचे आपोआप कळते.

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. कॉइलच्या बाहेरच्या जाड तारेतून करंट वाहत असताना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात आणि करंट एकदम तुटतो. त्या झटक्याने आतल्या बारीक तारेत १५-२० हजार व्होल्ट तयार होतात. हे व्होल्टेज मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात येते, फिरणारा रोटर ते पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी छोटा कंडेन्सर असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा हे सगळे सेकंदाला १०० वेळा घडते. एवढ्या कामात पॉइंट झिजले तर त्यांना दोष देता येणार नाही.

ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी शंभर वर्षांहून आधी बसवली. त्यांच्या कंपनीचे नाव डेल्को. आपल्याकडचे काही जुने मिस्त्री आजही डिस्ट्रिब्युटरला “डेल्को” म्हणतात, ते त्यावरूनच.

*पहिली तपासणी : प्लगपाशी ठिणगी आहे का?* एका प्लगची वायर काढा, तिच्यात एक जादा प्लग अडकवा आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला नीट टेकवा. प्लग हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरा. कोणी तरी सेल्फ मारावा. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर छान. पिवळी, लालसर, अशक्त ठिणगी असेल तर ती मोकळ्या हवेत दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली पडत नाही. मारुतीच्या ज्या गाड्यांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, त्यांत वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, मॉड्यूल जळण्याची भीती असते.

*दुसरी तपासणी : कॉइलपाशी ठिणगी आहे का?* प्लगला ठिणगी नसेल तर कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढून तिच्यावर हीच परीक्षा करा. इथे ठिणगी आहे आणि प्लगला नाही, तर दोष मधल्या मार्गात, म्हणजे झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. झाकण काढून आतून पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा गेल्याची किंवा करंट वाहून जळल्याची खूण आहे. असे झाकण बदलावेच लागते. झाकणाच्या मधोमध कार्बनचा छोटा स्प्रिंगवाला ब्रश असतो, तो जागेवर आहे ना तेही पाहा. वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीवर चिकटपट्टीने क्रमांक लिहा. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर दोन्हींचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. साफसफाईनंतर दोन वायरींची अदलाबदल झाली म्हणून सुरू न झालेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

*तिसरी तपासणी : कॉइललाच ठिणगी नाही.* इथे १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि दोन वायरी लागतात. बल्बची एक वायर इंजिनाच्या धातूला लावा. किल्ली चालू करून दुसरी वायर कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला लावा. बल्ब लागला नाही तर करंट कॉइलपर्यंत येतच नाही. फ्यूज, किल्लीचा स्विच, चोरीपासून बचावासाठी बसवलेला लपवलेला स्विच, सैल वायर हे पाहा.

पॉझिटिव्हला बल्ब लागत असेल तर तीच वायर कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर जिथे लागते तिथे लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. तरीही ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर यांच्यावर संशय घ्यावा. बल्ब सतत लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटून जोड होत नाही : ते काळे पडलेले, तेलकट झालेले किंवा त्यांची वायर तुटलेली असेल. बल्ब अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडतच नाहीत, कंडेन्सर आतून शॉर्ट आहे किंवा कॉइलची तार तुटली आहे. एका बल्बने एवढे कळते.

पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसा त्यांतला गॅप कमी होत जातो. गॅप कमी झाला की ठिणगीची वेळही मागे सरकते. म्हणून गाडी आधी उशिरा सुरू होऊ लागते, मग कधी कधी सुरू होते आणि मग होतच नाही. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने पाहावे. बहुतेक गाड्यांत हा गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणि प्लगचा ०.६ च्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. काळे पडलेले पॉइंट बारीक कानशीने हलके घासून, पेट्रोलने पुसून, कोरडे करून चालतात. पण नवे पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. त्याची किंमत फार नसते.

दोन विशेष लक्षणे लक्षात ठेवावीत. सेल्फ मारताना इंजिन पकडते आणि किल्ली सोडताच बंद पडते, असे होत असेल तर कार्ब्युरेटर उघडू नका. काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर एक रेझिस्टन्स असतो आणि सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून जातो. तो रेझिस्टन्स किंवा किल्लीचा स्विच खराब झाला की नेमके हेच होते. दुसरे, सेल्फने गाडी पकडत नाही पण धक्का मारला की लगेच सुरू होते. इथे ठिणगीची यंत्रणा ठीक असते. बॅटरी इतकी कमजोर असते की सेल्फ सगळा करंट खातो आणि कॉइलला उरत नाही.

ठिणगी आहे, मग पेट्रोल?

पेट्रोलकडे वळण्याची वेळ आता येते. आधी काट्यावर भरवसा न ठेवता टाकीत पेट्रोल आहे याची खात्री करा. गॅसकिट बसवलेली गाडी असेल तर तिचा स्विच पेट्रोलवर आहे ना ते पाहा.

दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढा. प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल आत येत नाही. पंपाचा पडदा फाटला, फिल्टर तुंबला, किंवा कार्ब्युरेटरची सुई अडकली. प्लग पेट्रोलने ओला असेल आणि वास येत असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. आता ॲक्सेलरेटर वारंवार दाबू नका. दहा-पंधरा मिनिटे थांबा, चोक बंद करा, ॲक्सेलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. जादा पेट्रोल निघून जाते आणि गाडी पकडते.

प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी म्हणजे सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा म्हणजे इंजिनाचे तेल वर येते आहे, हा खर्चाचा विषय. पांढराफट म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा प्लग फार तापतो आहे.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवून उभी करू नये. रबरी पाइप दरवर्षी हाताने दाबून पाहावेत आणि शंका आली की नव्या पेट्रोलला चालणारे पाइप घालावेत. ही काटकसरीची जागा नाही, कारण गळका पाइप आणि गरम इंजिन म्हणजे आग.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सर्वांत जास्त फसवणारा रोग हाच. मे महिन्यात ओंकारेश्वरला निघालात, भेरूघाटात गाडी गचके खात बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. गॅरेजमध्ये नेली तर दोषच सापडत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत ती थंड झालेली असते.

याची दोन मुख्य कारणे आहेत आणि दोन्हींचे लक्षण एकसारखे दिसते. एक, उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने पाइपमध्ये किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. दोन, कॉइल तापल्यावर तिच्या आतल्या तारेचे आवरण दगा देते आणि ठिणगी जाते. पद्मिनीचे जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवायचे, ते पहिल्या कारणासाठी. पण दोष कॉइलचा असेल तर फडक्याचा उपयोग नाही, आणि गाडी मात्र अर्ध्या तासाने थंड होऊन सुरू होते. मग आपण समजतो की फडक्यानेच काम केले.

उपाय एकच : गाडी बंद पडल्या पडल्या, ती थंड होण्यापूर्वी ठिणगी तपासा. म्हणून डिकीत एक जादा प्लग आणि पक्कड ठेवावी. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, सर्वांना सुरक्षित बाजूला उतरवा, पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा आणि मग तपासा. ठिणगी जोरदार असेल तर पेट्रोलची वाफ. पंप आणि पाइप यांवर ओले फडके ठेवा, पाणी डिस्ट्रिब्युटरवर पडू देऊ नका. ठिणगी नसेल किंवा अशक्त असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर.

तिसरे एक कारणही आहे. टाकीच्या झाकणाचे हवा येण्याचे छिद्र बुजले की पेट्रोल ओढले जाते पण जागी हवा येत नाही. काही किलोमीटरवर गाडी बंद पडते. झाकण उघडताच “फुस्स” आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर दोष सापडला.

आणि एक सवय : गाडी उभी असताना गाणी ऐकण्यासाठी किल्ली इग्निशनवर चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि ती नाहक तापते.

पावसाळा आणि थंडी

पावसाळ्यात गाडी सुरू होत नसेल आणि उन्हात उभी केल्यावर होत असेल, तर दोष ओलाव्याचा आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून-बाहेरून, तसेच प्लगच्या वायरी आणि कॉइलचे तोंड कोरड्या सुती फडक्याने पुसा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर गळणारा करंट वायरींवर निळसर चमकताना दिसतो. अशा वायरी बदला.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि तेल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. सकाळी चोक पूर्ण ओढावा, सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारावा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे. सलग सेल्फ मारल्याने बॅटरीही जाते आणि सेल्फही जळतो.

ज्या गाड्यांना हँडल आहे त्यांनी ते वापरताना अंगठा मुठीवर गुंडाळू नये, बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवावा, आणि हँडल वर ओढावे. इंजिन उलटा झटका देते तेव्हा मनगट मोडू शकते. साठीनंतर हँडल तरुण हातांकडे द्यावे हेच बरे.

मिस्त्रीशी बोलताना

“गाडी खराब हो गई, देख लो” असे सांगितले की अंदाजाचे काम सुरू होते. त्याऐवजी लक्षण सांगा : “सेल्फ बराबर घूम रहा है, करंट प्लग तक आ रहा है, पर प्लग सूखा है.” किंवा “गरम होने पर बंद होती है, उस वक्त करंट नहीं रहता.” असे ऐकल्यावर चांगला मिस्त्री खूश होतो आणि दुसऱ्या प्रकारचा सावध होतो. भाग बदलला तर जुना भाग परत मागा. आणि सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, लक्षण, केलेली तपासणी, बदललेला भाग. दोन वर्षांनी ही वही कोणत्याही मिस्त्रीपेक्षा जास्त सांगते. मुले सुटीत घरी येऊन गाडी बाहेर काढतात तेव्हा त्यांनाही तिचा उपयोग होतो.

डिकीत एवढे असू द्या : जादा प्लग, प्लगपाना, पक्कड, पेचकस, फीलर गेज, बल्ब आणि वायरी, जादा पॉइंट आणि कंडेन्सर, फ्यूज, पॉलिश पेपर, सुती फडके, बॅटरीला बॅटरी जोडण्याच्या केबल.

टायमिंग बसवणे, सेल्फ उघडणे, कार्ब्युरेटर खोलणे, कॉम्प्रेशन मोजणे ही कामे जाणकाराकडेच द्यावीत. आपले काम दोष कोणत्या विभागात आहे ते ओळखण्यापर्यंत. तेवढे जमले तरी रस्त्यात अडकण्याची भीती बरीच कमी होते, आणि अंगणातली गाडी केवळ कंटाळून विकण्याची वेळ येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सवड काढून बॉनेट उघडा, टर्मिनल साफ करा आणि वहीचे पहिले पान लिहा. नातवंडे घरी असतील तर त्यांना बल्ब धरायला सांगा.